मिरजेचा फोन आणि हँगरमधली सून

आई,

तुम्ही गेल्याचं मला कळलं तेव्हा माझे दोन्ही हात ग्रीसने माखलेले होते.

सकाळची पाळी होती. एक छोटं विमान जॅकवर उचललेलं होतं आणि मी त्याचं डावं चाक बसवत होते. फोन नेहमीसारखा लॉकरमध्ये, कारण हँगरमध्ये आम्ही खिशात काही ठेवत नाही. म्हणून निखिलने ऑफिसच्या नंबरवर फोन केला आणि आमचा शेफ मला बोलवायला स्वतः बाहेर आला. इथे साहेबाला शेफ म्हणतात हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नव्हतं. "स्वयंपाक येत नाही तर कसला शेफ?" असं तुम्ही विचारायचात.

निखिल एवढंच म्हणाला, "आई गेली गं." वर्षाताई आदल्या दिवशी सांगलीहून माहेरी, तुमच्याकडे राहायला आल्या होत्या. सकाळी त्या उठवायला गेल्या आणि तुम्ही उठला नाहीत. एवढंच. आजारपण नाही, दवाखाना नाही, कुणाला धावपळ करायची संधीसुद्धा दिली नाहीत तुम्ही.

फोन ठेवून मी परत चाकाशी गेले. थॉर्स्टन, माझा सहकारी, तिथे उभा होता. मी त्याला सांगितलं की नट फक्त हाताने लावलाय, आवळलेला नाही, पिन घातलेली नाही, उजव्या बाजूला मी अजून हात लावलेला नाही. त्याने ते सगळं परत मला म्हणून दाखवलं. मग मी म्हणाले, "आज माझी सही नको. माझ्या सासूबाई गेल्या." माझ्या हातातला पाना त्याने हळूच काढून घेतला.

हे मी तुम्हाला सगळ्यात आधी सांगतेय, कारण तुम्ही पहिल्यांदा हेच विचारलं असतंत. रडलीस का, हे नंतर. आधी, काम कुणाच्या हातात देऊन आलीस?

मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुम्ही आयुष्य काढलंत. पुढे बसायला माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हे तुमच्या अंगात इतकं मुरलं होतं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढपाची वाटी दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय तुम्ही जागेवरून हलायचा नाहीत.

मी विमानांकडे वळले तेव्हा एकतीस वर्षांची होते. एम. एस्सी. झालेली, पुण्यात बँकेत काम केलेली, आणि निखिलच्या नोकरीपायी जर्मनीत ब्राउनश्वाइगला येऊन भाषेच्या क्लासमागून क्लास करत बसलेली. रेवाला बाबागाडीत घालून मी विमानतळाच्या कुंपणाकडे फिरायला जायचे. एकदा हँगरचं मोठं दार उघडं होतं आणि आत एक बाई विमानाच्या पोटाखाली फळीवर उताणी पडून काम करत होती. माझ्याच वयाची असेल. ती मधेच सरकत बाहेर आली, कॉफीचा घोट घेतला आणि परत आत गेली. बस्, इतकंच बघितलं मी. पण त्या दिवशी घरी आले ती दुसरीच होऊन आले. पुढच्या उन्हाळ्यात मी आउसबिल्डुंगला, म्हणजे कामावर राहून शिकण्याच्या इथल्या साडेतीन वर्षांच्या ट्रेनिंगला, नाव घातलं.

माझ्या आईने फोन सरळ बाबांकडे दिला. बाबा म्हणाले, मेकॅनिक व्हायला जर्मनीला कशाला जायला हवं होतं? निखिलला आनंद झाला होता, पण तोही दोन-तीनदा विचारून गेला की नक्की ना. तुम्हाला सांगायची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. आणि तुम्ही विचारलंत काय?

"रात्रपाळी असते का?"

असते म्हणाले.

"मग आधी झोपायला शीक. बाकीचं ते लोक शिकवतील."

पहिलं वर्ष तर मी कानसच घासत होते. विमान लांबच राहिलं. लोखंडाचा तुकडा पकडीत धरायचा आणि कानशीने घासून सपाट करायचा. मग त्यावर पट्टी उभी ठेवून उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की परत घास. माझ्या शेजारी सतरा-अठरा वर्षांची मुलं, त्यांच्या हातात जोर, त्यांना जर्मन आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. मी रोज संध्याकाळी अवजारांची नावं पाठ करायचे आणि सकाळी ती विसरायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात मी हरले. निखिलला कामासाठी सारखं बाहेरगावी जावं लागत होतं, माझी पाळी पहाटे सुरू व्हायची, रेवाची किटा, म्हणजे बालवाडी, त्यानंतर कितीतरी वेळाने उघडायची. शेजाऱ्यांचे उपकार घेऊन घेऊन तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. त्यात एक लेखी परीक्षा गेली. मी तुम्हाला फोन करून सांगितलं की मी सोडतेय. अगदी शांतपणे सांगितलं. रडून-रडून संपलं होतं.

तुम्ही समजूत घातली नाहीत. विचारलंत, "व्हिसाला किती दिवस लागतात?"

आई, तुम्ही तोवर विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. निखिलने तीन वेळा तिकीट काढतो म्हटलं आणि तीनही वेळा तुम्ही गुडघे, लग्नसराई आणि वर्षाताईंची परीक्षा अशी कारणं पुढे केलीत. वर्षाताई तेव्हा स्वतः शाळेत परीक्षा घेत होत्या. खरं कारण सगळ्या घराला ठाऊक होतं. तुम्हाला भीती वाटायची. एवढं वजन हवेत राहतं यावर तुमचा विश्वास नव्हता, आणि मी फिजिक्स समजावायला लागले की तुम्ही म्हणायचात, "ते पुस्तकात राहत असेल."

तरी आलात. हानोफरच्या विमानतळावर तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमच्या नऊवारीची इस्त्री मोडली नव्हती इतक्या ताठ तुम्ही सबंध प्रवासभर बसला होतात. मला जवळ घेतलंत आणि म्हणालात, "चाकं वर घेताना एवढा आवाज का करतात गं ते? ते आधी बघ."

व्हिसा तीन महिन्यांचा. त्या तीन महिन्यांत तुम्ही माझं शिक्षण वाचवलंत. तुम्ही नेहमी हे वाक्य उडवून लावायचात, आज उडवता येणार नाही, म्हणून लिहितेय. रोज सकाळी रेवाला उठवून, वेणी घालून, ट्रामने किटात सोडायचं काम तुमचं. जर्मनचे तुम्हाला चार शब्द येत होते. किटातल्या बाईंनी पहिल्या दिवशी तुमच्याकडे फोलमाख्त मागितली, मुलीला घेऊन जायची लेखी परवानगी, आणि ती असूनसुद्धा आठवडाभर रोज तुमचा पासपोर्ट बघितला. मला राग आला होता. तुम्हाला ती बाई फार आवडली. "पोरगी कुणाच्याही हातात देत नाही ती," म्हणालात. आठवड्यानंतर तिने पासपोर्ट मागणं बंद केलं तर तुम्हीच तो पर्समधून काढून तिच्यापुढे धरायचात आणि दोघी हसायचात.

परीक्षा मी परत दिली. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही परत आलात, तीन महिन्यांसाठी, परत तितक्याच ताठ बसून.

ट्रेनिंग संपलं. मग लायसन्सच्या परीक्षा सुरू झाल्या, कारण विमान दुरुस्त करणं वेगळं आणि ते उडायला योग्य आहे अशी सही करणं वेगळं. त्या परीक्षांचा अभ्यास मी तुमच्याबरोबर केला. तुम्ही मिरजेत, मी ट्राममध्ये कानात इअरफोन घालून. प्रश्नांचं पुस्तक मी निखिलकडून तुमच्या टॅबवर घालून घेतलं होतं आणि तुम्ही ते इंग्रजी प्रश्न तुमच्या त्या ऑपरेटरच्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करत, वाचायचात. "ए. बी. सी. बोल." अर्थ तुम्हाला कळायचा नाही आणि त्याचं तुम्हाला काही वाटायचंही नाही. मी चुकले की तुम्ही फक्त, "पुन्हा विचारते," म्हणायचात. ट्रंक कॉल लागत नसला की लोकांना हेच म्हणत असणार तुम्ही.

एकच विषय असा होता की तुम्ही वाचता वाचता थांबलात. माणसं चुका का करतात, हा विषय. इंजिन नाही, पंख नाहीत, नुसती माणसं. थकवा, घाई, न बोलणं, गृहीत धरणं म्हणजे कॉम्प्लेसन्सी, सगळे असंच करतात म्हणून करणं, अशी बारा कारणं त्यात आहेत. तुम्ही ती मला एकेक करून मराठीत सांगायला लावलीत. मग म्हणालात, "हे विमानाचं पुस्तक नव्हे. हे आपल्या घराचं आहे."

आणि मग दर फोनला तुमचं सुरू झालं. वर्षाताईंच्या जावेच्या मुलीच्या लग्नात हॉल दोन वेगवेगळ्या काकांनी बुक केला, ते न बोलणं. निखिल गॅस बंद केला का बघत नाही, ते गृहीत धरणं. स्वतःलाही सोडलं नाहीत. बीपीची गोळी चुकली तर म्हणालात, "मी आज कॉम्प्लेसन्सी केली." तो शब्द तुम्ही असा म्हणायचात जसा एखादा पदार्थ केलाय.

त्या विषयात मला सगळ्यात जास्त मार्क पडले.

सही करायचा अधिकार मिळाला त्या वसंतातली एक गोष्ट. तुम्ही तेव्हा परत इथे आला होतात. विमानाची शेपटी हलवणाऱ्या दांड्यांचा एक जोड थॉर्स्टनने बसवला होता. अशा जोडाला दोन माणसांचे डोळे लागतात असा नियम आहे. एकाने करायचं, दुसऱ्याने स्वतः बघायचं. दुसरी मी होते. पण मी पोचायच्या आत त्याने झाकण बंद करून टाकलं होतं. म्हणाला, मी दोनदा बघितलंय, सगळं नीट आहे. वीस वर्षं काम केलेला माणूस. बाहेर पायलट घड्याळ बघत उभा. शेफही घड्याळ बघत होता. मी म्हणाले, मी बघितल्याशिवाय सही करणार नाही. झाकण उघडायला त्याच्या आड आलेल्या बऱ्याच गोष्टी परत काढाव्या लागल्या. विमान त्या दिवशी उशिरा गेलं. आणि आत सगळं नीट होतं. अगदी नीट.

घरी आले ती पडलेल्या चेहऱ्याने. थॉर्स्टन माझ्याशी दिवसभर बोलला नव्हता. निखिल म्हणाला, तू बरोबर केलंस, विषय संपला. मला वाटलं तुम्हीही तेच म्हणाल. तुम्ही मटार सोलत होतात. विचारलंत, "म्हणजे तो खरं बोलत होता?"

हो, म्हणाले.

"मग ते त्याला सांगितलंस का?"

मी म्हणाले, यात काय सांगायचं? नियम होता, मी पाळला.

"नियम पाळलास, चांगलं केलंस. उद्याही पाळ. पण सगळ्यांसमोर त्याचं काम उघडून बघितलं गेलं, आणि ते चोख निघालं. ते चोख होतं हे कुणीतरी त्याला म्हणायला नको का? तुझ्याशिवाय कोण म्हणणार?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही डब्यात शंकरपाळे घालून दिलेत. मी कॉफीच्या वेळी थॉर्स्टनसमोर डबा ठेवला आणि म्हणाले की तुझं काम पूर्ण नीट होतं, मला ते तुला कालच सांगायला हवं होतं. त्याने एक शंकरपाळा उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तरी उघडायला लावलं असतं." आणि डबा जवळ ओढून घेतला. तेव्हापासून तो माझा मित्र आहे. लायसन्स मला पुस्तकांनी मिळवून दिलं, आई. पण हँगरमध्ये राहायला त्या दिवशी शिकले.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते अर्धवट टाकून तुम्ही गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

मला लायसन्स मिळालं त्या दिवशी तुम्ही फोनवर आनंदाने रडलात आणि रडणं थांबताच म्हणालात, "झालीस ना तयार? आता ये इकडे." मला वाटलं थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. मग दर रविवारी तो विषय. आपल्याकडे विमानं कमी आहेत का? नागपूरला म्हणे मोठं काम चालतं. समोरच्या बिल्डिंगमधल्यांचा भाचा तिथेच आहे, त्याचा नंबर देऊ? मी सांगायचे, इथलं लायसन्स तिथे सरळ चालत नाही, परत परीक्षा द्याव्या लागतील. तुम्ही म्हणायचात, मग देऊ की, प्रश्न मी विचारते. मी निखिलची नोकरी पुढे करायचे. रेवा पुढे करायचे, ती तुमच्या मराठी प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरं देते आणि तुम्ही "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, करत मान हलवता, तिला मिरजेच्या शाळेत कसं घालणार? तुमच्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं. शेवटी मी "बघू" म्हणायचे.

गेल्या महिन्यात मी परत "बघू" म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "एक्स्चेंजमध्ये मी एक शिकले. बघू म्हणणारा माणूस फोन ठेवायच्या बेतात असतो." मी हसले. तुम्हीही हसलात. तो आपला शेवटून दुसरा फोन. शेवटच्या फोनवर आपण फक्त रेवाच्या दातांबद्दल बोललो.

मला त्या प्रश्नाचा राग यायचा, आई. मोठा नाही, पण यायचा. वाटायचं, जिने मला इथे उभं केलं तीच मला इथून उठवायला बघतेय. कधी वाटायचं तुम्हाला एकटेपणा वाटतो आणि तुम्ही तो नागपूरच्या हँगरच्या नावाखाली सांगताय. मग वाईट वाटायचं आणि मी आणखी मोठं "बघू" म्हणायचे. सरळ नाही म्हणायची हिंमत झाली नाही. तुम्हाला नाही म्हणणं म्हणजे तुम्हालाच नको म्हणणं, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

आम्ही तिघं मिरजेला आलो. फ्लॅटमध्ये इतकी माणसं होती की तुमची अनुपस्थिती मला नीट दिसेचना. तेराव्याचं सगळं आटोपलं, पाहुणे पांगले, निखिल आणि रेवा आत झोपले होते. दुपारी वर्षाताई आणि मी गॅलरीत बसलो होतो. मी त्यांना म्हणाले, आईंना मी परत यायला हवी होते आणि मी त्यांना धड उत्तरसुद्धा दिलं नाही.

वर्षाताई माझ्याकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं तिला तू परत यायला हवी होतीस म्हणून?"

मी म्हणाले, दर रविवारी त्याच सांगायच्या.

तेव्हा त्यांनी सांगितलं. मागच्या दिवाळीत त्या तुमच्यावर चिडल्या होत्या. म्हणाल्या होत्या, आई, का त्या पोरीच्या मागे लागतेस, तिचं तिथे बस्तान बसलंय, ती काही येणार नाही. तर तुम्ही म्हणालात, येणार नाही हे मला ठाऊक आहे. येऊही नये तिने, किती कष्टाने मिळवलंय. "पण मी विचारायचं थांबवलं, तर तिला वाटेल इथे आता तिची गरज नाही. ज्या घरातून बोलावणं येत नाही, ते घर आपलं राहत नाही, वर्षा. म्हणून मी विचारते."

वर्षाताईंनी माझा हात धरला. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी टीव्ही लावला होता, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

परत येऊन आता आठवडा झाला. कामावर जायला लागलेय. पहिल्या दिवशी शेफने विचारलं, सही करायला तयार आहेस का? मी खरं सांगितलं, उद्यापासून. तो दिवस मी अवजारं पुसत काढला. दुसऱ्या दिवशी केली.

आज रविवार. आपल्या फोनची वेळ होऊन गेली. रेवा मला मराठीत म्हणाली, "आजीचा फोन येणार नाही आता." विचारत नव्हती, सांगत होती. मी तिला म्हणाले, नाही येणार. आणि मग वाटलं, आज तुम्हाला ते सरळ उत्तर द्यावं, जे तुम्ही इतके दिवस ऐकायला तयार होतात आणि मी द्यायला नव्हते.

नाही, आई. मी परत येणार नाही. माझं काम इथे आहे, माझी माणसं इथे झाली आहेत, आणि मला हे आवडतं.

पण तुम्ही विचारत राहा.